समुद्राविना नकाशा

माझ्या घरीं फणसाच्या लांकडाची एक जुनी पेटी आहे. तींत महाराष्ट्राचा नकाशा आहे. परंतु तो अखंड नाहीं. छत्तीस तुकडे आणि एक निळी फळी मिळून तो पुरा होतो. १९८० सालीं ही पेटी प्रथम भरली त्या वेळीं तींत तुकडे सव्वीसच होते आणि निळी फळी मुळींच नव्हती. ते दहा तुकडे कसे वाढले व ती फळी मागाहून कां करावी लागली, एवढीच हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे. हकीकत मालवणच्या किनाऱ्यावरील एका प्राथमिक शिक्षकाची. पण तिचें मूळ लंडन शहरांत आहे, म्हणून प्रथम तिकडे जाऊं.

नकाशा पातळ फळीवर चिकटवावा, राज्यांच्या सीमांवरून तो करवतीनें कापावा, आणि ते तुकडे मुलांकडून पुन्हां जुळवून घ्यावे, ही युक्ति अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडांत निघाली. तिचें श्रेय सामान्यतः जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिरास देतात. राजाचा भूगोलकार अशी पदवी मिरविणाऱ्या टॉमस जेफरीजच्या हाताखालीं त्यानें उमेदवारी केली, आणि १७६० नंतरच्या दशकांत असे कापलेले नकाशे तो विकूं लागला. त्याच्याहि थोडें आधीं मादाम लप्रँस द बोमाँ नांवाची फ्रेंच शिक्षिका लंडनमध्यें आपल्या विद्यार्थिनींस लांकडी नकाशे हाताळावयास देत असे, असें अलीकडच्या अभ्यासकांनीं दाखविलें आहे. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांची शिक्षिका लेडी शार्लट फिंच हिनें असे नकाशे एका खास कपाटांत ठेवून राजपुत्रांस भूगोल शिकविला. तें कपाट अद्याप इंग्लंडांत जपून ठेविलेलें आहे. ज्या घरांतील मुलें अमेरिकेचा तुकडा जागच्या जागीं बसवीत होतीं, त्याच घराच्या हातून थोड्याच वर्षांत खरी अमेरिका निसटली, हा भाग वेगळा.

पुढें पन्नास वर्षांत हें खेळणें सुखवस्तु घरांतील मुलांच्या हुशारीची कसोटी होऊन बसलें. जेन ऑस्टेन हिच्या १८१४ सालच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ या कादंबरींत फॅनी नांवाची एक गरीब नातलग मुलगी मोठ्या घरीं राहावयास येते, आणि तिला युरोपचा नकाशा जुळवितां येत नाहीं म्हणून तिच्या मावसबहिणी तिला अडाणी ठरवितात. ही कादंबरी मीं मराठी सारांशरूपानें वाचली ती निवृत्त झाल्यावर. वाचतांना मला माझ्याच वर्गाची आठवण झाली व थोडी लाजहि वाटली. तें पुढें येईलच.

स्पिल्सबरीच्या हकीकतींतील दोन गोष्टी मला अशाच फार उशिरां कळल्या. पहिली गोष्ट पोलंडची. राज्याराज्यांत विभागलेला युरोप हा त्याचा प्रसिद्ध नकाशा. त्यांत पोलंडचा तुकडा चांगला मोठा. स्पिल्सबरी १७६९ सालीं ऐन तारुण्यांत वारला. १७७२ सालीं रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं पोलंडचे लचके तोडले. १७९३ व १७९५ सालीं उरलेलेंहि वांटलें गेलें, आणि तें राज्य नाहींसें झालें. लंडनच्या घरांतील पेट्यांत मात्र पोलंडचा लांकडी तुकडा तसाच राहिला. दुसरी गोष्ट समुद्राची. समुद्रासकट नकाशा महाग पडे, म्हणून समुद्र वगळलेला नकाशा तो कमी किंमतींत विकीत असे. लांकूड वांचे, कापण्याची मेहनत वांचे. व्यापाऱ्याच्या दृष्टीनें यांत वावगें कांहींच नव्हतें.

आपल्याकडे पंतोजींच्या शाळेंत धूळपाटी, पाढे, मोडी वाचन आणि हिशेब एवढेंच चाले; नकाशा हा मोजणीदारांचा आणि फौजेचा विषय होता. टॉमस बेस्ट जर्व्हिस नांवाचा लष्करी इंजिनिअर १८२० नंतर कित्येक वर्षें दक्षिण कोंकणची मोजणी करीत होता. त्याचाच भाऊ जॉर्ज जर्व्हिस मुंबईंत शाळापुस्तक मंडळीचा चिटणीस असून मराठींत गणिताचीं पुस्तकें तयार करीत होता. एक भाऊ दऱ्याखोऱ्यांतून साखळी ओढीत आहे व दुसरा छापखान्यांत खिळे जुळवून घेत आहे, असें तें चित्र आहे. ही मंडळी १८२२ सालीं स्थापन झाली. देवगड तालुक्यांतील पोंभुर्लें गांवीं जन्मलेले बाळशास्त्री जांभेकर हे तिच्याच कामांतून पुढें आले. १८३२ सालीं त्यांनीं काढलेलें ‘दर्पण’ सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांनीं मराठींत भूगोलविद्येचें पुस्तक लिहिलें आणि कुलाब्याच्या वेधशाळेचें कामहि पाहिलें, हें पुष्कळ शिक्षकांसहि ठाऊक नसतें. १८४६ सालीं, वयाला पस्तीस वर्षेंहि झालीं नव्हतीं, तोंच ते वारले. पुढें शंभर वर्षें आमच्या शाळांतील भूगोल बहुतेक पाठांतराचाच राहिला. नद्यांची यादी, डोंगरांची यादी, बंदरांची यादी. नकाशा भिंतीवर, आणि मुलें चार हात दूर.

तुकड्यांचा नकाशा मुलांच्या हातीं आला तो मुख्यतः मादाम माँटेसरी यांच्या साहित्याबरोबर. त्यांच्या नकाशांत प्रत्येक देशाच्या लांकडी तुकड्यावर चिमटींत धरावयास एक बोंड असतें. त्या स्वतः १९३९ सालीं मद्रासजवळ अड्यार येथें आल्या. पण त्यापूर्वींच, १९२६ सालीं, गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं नूतन बालशिक्षण संघ काढला होता. ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील बालकांसाठीं काम आरंभिलें व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. विकतचें साहित्य खेड्याला परवडत नाहीं, म्हणून शंख, शिंपले, बिया, पानें, काड्या यांवर त्यांनीं काम भागविलें. बोर्डी हें आमच्यासारखेंच समुद्रकांठचें गांव. अध्यापक विद्यालयांत असतांना त्यांच्या कामाविषयीं ऐकलें, तेव्हां आपणहि गांवांत मिळेल त्याचेंच कांहीं करावें असें मनांत आलें.

मॅट्रिक होऊन व अध्यापनाचीं दोन वर्षें पुरीं करून १९८० च्या जून महिन्यांत मी नोकरीस लागलों. शाळेंत भिंतीवरचा एक जुना नकाशा रद्दींत निघाला होता. आमच्या वाडींत एक वृद्ध सुतार होते. सावंतवाडीस खेळणीं करणाऱ्यांच्या हाताखालीं ते कांहीं वर्षें काढून आलेले. त्यांनीं फणसाच्या फळ्या रंधून दिल्या, मीं नकाशा खळीनें डकविला. अडीच फूट लांबीचा महाराष्ट्र झाला. कापावयास बसण्यापूर्वीं त्यांनीं विचारलें, “गुरुजी, दर्या ठेवचो काय काढचो?” मीं म्हटलें, “काढा, तेवढी फळी वांचेल.” लंडनच्या कारागिरानें दोनशें वर्षांपूर्वीं केलेला हिशेब मीं जसाच्या तसा केला होता. तो व्यापारी होता. मी शिक्षक होतों, आणि तेंहि समुद्रावर जगणाऱ्या गांवांतील.

सव्वीस जिल्ह्यांचे सव्वीस तुकडे झाले. त्यांत रत्नागिरीचा तुकडा बाणकोटपासून तेरेखोलपर्यंत वीतभर लांब आणि फार तर तीन बोटें रुंद. मुलें त्यास पडवळ म्हणत. एक वर्ष पुरें होतें न होतें तोंच, १ मे १९८१ रोजीं, त्या पडवळाचे दोन भाग झाले आणि आमचा सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला. मालवणच्या माणसास जिल्ह्याच्या कचेरींत काम निघालें तर पूर्वीं सुमारें दीडशें किलोमीटर रत्नागिरी गांठावी लागे, आणि एका दिवसांत काम झालें नाहीं तर तेथेंच कोणाच्या तरी ओटीवर पडावें लागे. जमिनीचा दाखला, फेरफार, अपील यांत माणसांचीं वर्षें जात. तेव्हां हा काप आम्हांस केवळ कागदावरचा नव्हता. जूनमध्यें शाळा उघडली. मी तुकडा घेऊन सुतारांकडे गेलों. त्यांनीं तो राजापूर व देवगड यांच्यामधून कापला. करवतीनें थोडें लांकूड खाल्लें व दोन तुकड्यांत गव्हाच्या काडीएवढी फट राहिली. मीं ती भरून काढावयास सांगणार, तोंच एक मुलगी म्हणाली, “ती वाघोटनची खाडी.” फट तशीच राहिली.

त्या दिवशीं मीं आणखी एक केलें. सिंधुदुर्गाच्या तुकड्याच्या पाठीवर शिसपेन्सिलीनें तारीख लिहिली. पुढें हा परिपाठच पडला. त्याच दिवशीं औरंगाबादेंतून मुख्यतः जालना निघाला होता. १९८२ सालीं उस्मानाबादेंतून लातूर व चंद्रपुरांतून गडचिरोली निघाले. १९९० सालीं मुंबईचे दोन झाले, आणि तो चिंचोक्याएवढा तुकडा कापतांना सुतारांनीं हातच टेकले. तो मीं सुरीनें कसाबसा केला. १९९८ आणि १९९९ सालीं वाशीम, नंदुरबार, हिंगोली, गोंदिया. शेवटचा पालघर, १ ऑगस्ट २०१४, ठाण्यांतून. तोंवर ते सुतार राहिले नव्हते. त्यांच्या नातवानें विजेच्या करवतीनें तो एका मिनिटांत कापून दिला. कांहीं तुकड्यांचीं केवळ नांवें पालटलीं: १९८१ सालींच कुलाब्याचा रायगड झाला, २०२३ सालीं औरंगाबाद व उस्मानाबाद यांचे छत्रपति संभाजीनगर व धाराशिव झाले, पाठोपाठ अहमदनगरचें अहिल्यानगर. तेथें करवत लागली नाहीं. रंगाची कुंचली पुरली.

पाठीवरच्या तारखा पाहून मुलें विचारूं लागलीं, त्यापूर्वीं काय होतें? आणि भूगोलाच्या तासाला इतिहास निघूं लागला. माझ्या आजोबांच्या लहानपणीं कोणी हा तुकडा कापला असता तर तो फार विलक्षण निघाला असता. मालवण व वेंगुर्लें १८१२ पासून इंग्रजांकडे. कुडाळ, बांदें व वाडी सावंतांच्या संस्थानांत. म्हणजे किनाऱ्याची एक अरुंद पट्टी एका सत्तेची, तिच्या मागचा मुलूख दुसऱ्या सत्तेचा, आणि दक्षिणेस १९६१ पर्यंत पोर्तुगीज. संस्थान विलीन झालें तें १९४८ सालीं. तेरेखोलचा किल्ला तर सर्वांत चमत्कारिक. नदी ही सीमा, असें आपण मुलांस सांगतों; किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, आमच्या बाजूस, आणि तरी तो गोव्यांत. १७४६ सालीं पोर्तुगीजांनीं तो सावंतांकडून घेतला व पुढें तो त्यांच्याकडेच राहिला, एवढेंच त्याचें कारण. माझ्या नकाशाच्या प्रमाणांत ती जागा मोहरीएवढीहि येत नाहीं, म्हणून ती तोंडानें सांगावी लागे. पण कापलेल्या कडेवर बोट फिरवीत ती गोष्ट ऐकलेलें मूल सीमा देवानें आंखली असें कधीं समजणार नाहीं.

आतां या साधनाचा दोषहि सांगितला पाहिजे. हात हुशार असले म्हणजे डोक्यावांचून नकाशा जुळतो. एक मुलगी डोळे मिटून, केवळ कडा चांचपून, सगळे तुकडे बसवी. पण नाशकास कोणती नदी आहे हें तिला सांगतां येईना. तेव्हां मीं नियम केला कीं, तुकडा ठेवणाऱ्यानें त्या जिल्ह्याची एक तरी खरी गोष्ट सांगावी, नाहीं तर तुकडा परत. बरेच तुकडे परत होत. मुंबईचा मात्र कधींच परत झाला नाहीं. कोणाचे वडील गिरणींत, कोणाचा काका गोदींत. परळ, लालबाग, गिरगांव हीं नांवें आमच्या मुलांस कणकवलीपेक्षां जवळचीं. १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा संप सुरू झाला. तो वर्षांतहि मिटला नाहीं. मनीऑर्डरी थांबल्या, आणि पुष्कळ मुलांचे वडील ट्रंका घेऊन गांवीं परत आले. त्या वर्षीं तो चिंचोक्याएवढा तुकडा हातीं घेऊन मुलें काय काय सांगत, तें येथें सांगण्यासारखें नाहीं.

१९८४ सालची गोष्ट. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हां पाण्यांत गेल्या होत्या. वर्गांत मच्छीमाराचा एक मुलगा होता, जुळवणींत नेहमीं सर्वांच्या मागें. मीं त्यास एकदां चार मुलांदेखत ‘दगड’ म्हटलें होतें. त्या दिवशीं त्यानें सिंधुदुर्गाचा तुकडा मात्र बरोबर बसविला आणि टेबलावर हात ठेवून तसाच उभा राहिला. गोष्ट सांग, असें मीं म्हटलें. तो म्हणाला, “गुरुजी, बाबा जातत तो दर्या खंय आसा?” मीं उत्तर दिलें कीं, हें टेबल म्हणजेच समुद्र समज. त्यानें क्षणभर विचार केला व म्हणाला, “टेबल तर नागपुराच्या पलीकडेय आसा.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. त्याच्या घरची शेती म्हणजे तो समुद्र, आणि मीं तो लांकूड वांचविण्यासाठीं काढून टाकला होता. उरलें तें टेबल, जें नागपूरलाहि सारखेंच लागू. बाकीचीं मुलें हंसलीं. मी हंसलों नाहीं, पण मी त्यास त्या वेळीं चूक माझी आहे असेंहि म्हणालों नाहीं. तें म्हणावयास मला आठ दिवस लागले.

आठ दिवसांनीं सुतारांकडून फळी आणली. पश्चिम कडेस नेमकी बसेल अशी, आठ सेंटिमीटर रुंद. तिला निळा रंग मुलांनींच दिला. मग त्या मुलास तिच्याजवळ उभा केला आणि मी बांकावर बसलों. त्यानें दाखविलें कीं रापण कोठें पडते: होडींतून अर्धवर्तुळांत जाळें टाकीत यावयाचें, दोन्ही दोर किनाऱ्यावर आणावयाचे, आणि सारी वाडी मिळून तें ओढावयाचें, मासळीचे वांटे तेथेंच वाळूवर. किती वाव पाण्यांत कोणती मासळी, कोठें खडक असून जाळें फाटतें, कोणत्या वाऱ्यांत होडी काढावयाची नाहीं, हें तो न अडखळतां सांगत होता. नाशिकच्या नदीपेक्षां तें ज्ञान कमी प्रतीचें आहे असें मला कोणी सिद्ध करून दाखवावें.

समुद्रावर रेघा नसतात, अशीहि माझी एक समजूत होती. तीहि गेली. १९७६ च्या कायद्यानें किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचें, म्हणजे सुमारें बावीस किलोमीटरांपर्यंतचें पाणी देशाच्या हद्दीचें ठरलें. आमचा जिल्हा झाला त्याच १९८१ सालीं महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम झाला. यांत्रिक नौकांनीं किनाऱ्याच्या किती जवळ यावें याचा प्रश्न त्याच्या मुळाशीं होता, आणि तो प्रश्न मालवणांत अद्याप शमलेला नाहीं. १९८७ सालीं सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतालचें एकोणतीस चौरस किलोमीटरांचें क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालें. आमच्या प्रमाणांत बारा मैल म्हणजे फळीवर जेमतेम दोन सेंटिमीटर. तेथें मीं रेघ आंखली. अभयारण्याचा ठिपका टांचणीच्या डोक्याएवढा. फळीच्या पाठीवरहि तारखा आल्या.

हल्लीं नकाशा शोधावयास रद्दी धुंडाळावी लागत नाहीं. संगणकावरून जिल्ह्यांचा कोरा नकाशा कागदावर छापून मिळतो, पुठ्ठ्यावर चिकटवून कात्रीनें कापतां येतो. शहरांतील आईबापांनीं तो मुलांस अवश्य करून द्यावा. दोनचार अनुभवाचे बोल तेवढे सांगतों. प्रति दोन काढाव्या, एक कापावयास व एक खालीं मांडावयास. नेहमीच्या छोट्या कागदावर महाराष्ट्र बसविला तर एका सेंटिमीटरांत सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर येतात व मुंबई शहर अर्ध्या सेंटिमीटराचें होतें. तें मुलाच्या चिमटींत येत नाहीं, हरवतें. म्हणून चार कागद जोडून मोठा नकाशा करावा. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा उत्तम. मात्र कोंकणांत पावसाळ्यांत तोहि सर्द होऊन वांकतो. कापण्याचें काम मुलाकडूनच करवावें; विकत आणलेल्या कापीव तुकड्यांनीं निम्मा लाभ जातो. आणि कात्री खाड्या कापीत नाहीं, ती किनारा सरळ करून टाकते, हें मुलास दाखवावें. भारताच्या किनाऱ्याची लांबी आम्ही जन्मभर ७,५१६ किलोमीटर शिकविली. अलीकडे ती ११,०९८ ठरली. किनारा वाढला नाहीं. मोजण्याची पट्टी लहान झाली, आणि खाडीखाजणांच्या वळणांतून ती आतां नीट फिरूं लागली.

तो मुलगा आतां पन्नाशीस आला आहे; त्याची स्वतःची यांत्रिक होडी आहे. गेल्या दिवाळींत तो आपल्या मुलीस घेऊन घरीं आला. तिला शाळेसाठीं छापील नकाशा कापावयाचा होता. तिनें कात्री घेतली, आणि त्यानें न विचारतां कोनाड्यांतील जुनी पेटी काढून तुकडे मांडले. निळी फळी बसविली. मग आंग्रिया बँक कोठें येईल, असें मुलीनें विचारलें. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरांवर, पाण्याखालीं बुडालेलें तें प्रवाळांचें पठार. कान्होजी आंग्र्यांचें नांव त्याला मिळालेलें आहे. त्यानें बोटांनीं माप घेतलें. फळी आठच सेंटिमीटरांची; जागा तिच्या बाहेर जात होती. पेटींतला एक चिंचोका उचलून त्यानें तो फळीच्या कडेपलीकडे, दोन बोटांवर, टेबलावर ठेवला.